भिंतीवरचे घोडे

साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेल्या आम्हा लोकांच्या घरात भिंतींवर फार काही नसायचं. भाड्याच्या जागेत खिळा ठोकला की घरमालक वर बघायला येई, आणि पुढे स्वतःचा ब्लॉक झाला तरी नव्या डिस्टेंपरला भोक पाडायचं वडिलांच्या जिवावर यायचं. तरीही कालनिर्णय, हार घातलेले आजोबा, टोल्यांचं घड्याळ आणि कुठे ना कुठे एक घोडा, एवढं ठरलेलं होतं. कुणाकडे तो मॅटीच्या कापडावर क्रॉस-स्टिचने भरलेला असे. आत्याने लग्नाआधी केलेला, म्हणजे मुलीला भरतकाम येतं याचा काचेत घातलेला दाखला. कुणाकडे काळ्या मखमलीवर पांढऱ्या रंगाने काढलेला, कुणाकडे फळीवर चुका मारून दोऱ्याने विणलेला. महाराजांच्या तसबिरीतही घोडा असे, पण तिथे घोड्याकडे बघतो कोण!

गंमत अशी की यातला एकही घोडा खऱ्यासारखा नव्हता. खरा घोडा आम्हाला चांगला माहीत होता. स्टेशनवरून घरी टांग्याने यायचं, पुढे बसायला मिळालं तर शेपटीचा फटका खायचा, आणि लिदीचा वास नाकात घेऊनच जिना चढायचा. भिंतीवरच्या घोड्याला यातलं काहीच नसे. क्रॉस-स्टिचच्या चौकोनांत मान वळत नाही, म्हणून भरतकामातल्या घोड्याची मान पायऱ्या-पायऱ्यांची. दोऱ्याच्या घोड्याला तर पोटच नाही, नुसत्या कडा. आम्हाला त्यात काही कमी वाटलं नाही.

सगळ्यात जुना घोडा देवघरात होता. ज्यांचं कुळदैवत खंडोबा, त्यांच्याकडे चांदीचा टाक असतो. पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकलेला: घोड्यावर खंडोबा आणि म्हाळसा, खाली कुत्रा. पिढ्यानपिढ्या रांगोळीने घासून म्हाळसेचं नाक गेलेलं असे, देवाच्या मिशा गेलेल्या असत, घोड्याचा डोळासुद्धा पुसट झालेला असे. उरायची ती उंच मान, उचललेला पाय आणि पाठीची एक ओळ. तेवढ्यावर देव ओळखू येई. कमीत कमी रेषांचा घोडा आम्ही पहिल्यांदा पाहिला तो असा, सोवळ्यात, लांबून.

हाताने घोडा केला तो शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला. भेंडी आडवी कापली की फूल आयतंच मिळे, त्यामुळे सगळ्या वर्गाच्या वह्या भेंडीच्या फुलांनी भरलेल्या. बटाट्याला मात्र कोरावं लागे. अर्ध्या बटाट्यात घोडा काढायचा म्हणजे पाय मोडणारच. मग कुणीतरी शहाणा चाराचे दोन पाय करी, तेही हत्तीएवढे जाड, आणि त्याचाच घोडा कागदावर सगळ्यांत चांगला उमटे. बटाटा दुसऱ्या दिवशी सुरकुते, घोडा म्हातारा होई. पुढे खोडरबर आणि अर्धं ब्लेड हाती आलं. त्यावर आधी स्वतःची नावं कोरली गेली आणि सगळी उलटी उमटली. डावीकडे तोंड हवं तर घोडा उजवीकडे बघणारा कोरायचा, हे कुणी शिकवलं नाही. एक खोडरबर वाया गेलं की कळायचं.

ज्या शाळेत हौशी चित्रकलेचे सर होते, तिथे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीतून वेळ काढून लिनोकटही होई. लिनोलियम ही मुळात जमिनीवर अंथरायची वस्तू. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसाने 1863 साली तिचं पेटंट घेतलं. जवसाचं तेल हवेने घट्ट होऊ द्यायचं, त्यात बुचाचा भुसा कालवायचा आणि तागाच्या कापडावर थापायचं. (जवसाची चटणी खाणाऱ्या आमच्या घरांना याचं नवल वाटायला हवं होतं, पण आम्हाला सांगितलंच कुणी नाही.) थंडीत हा तुकडा कडक होतो, म्हणून सर तो आधी उन्हात ठेवायला लावत. मग कोरणी. जे पांढरं हवं ते खणून काढायचं, जे काळं हवं ते उभं ठेवायचं. काचेवर शाई पसरून रोलरने तुकड्यावर लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घोटायचं. आईचा चमचा परत डब्यात जायचा तो काळा होऊनच.

खरं शिक्षण इथे होतं. पेन्सिलने घोड्याची आयाळ काढायला काहीच कष्ट पडत नाहीत, शंभर केस काढा. लिनोत एक बारीक काळी रेघ हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजू कोराव्या लागतात, आणि हात सटकला की रेघ गेली. म्हणून कोरणारा आपोआप कंजूष होतो. आयाळीच्या चार खाचा, पोटाखाली एक पांढरी फट, डोळ्याला एक टोचा. बाकी सगळा घोडा सपाट काळा. आज ज्याला ‘मिनिमल’ म्हणतात ते आमच्याकडे मनगट दुखण्यातून आलं होतं.

आमच्याही आधी मोठमोठ्यांनी हाच मार्ग घेतला होता. जर्मनीच्या फ्रान्झ मार्कने 1913 मध्ये ‘घोड्यांचा जन्म’ नावाचं लाकूडठशाचं चित्र केलं. तीन वर्षांनी तो पहिल्या महायुद्धात, व्हर्दूंच्या लढाईत मारला गेला. चित्रकार चित्तप्रसाद तर आमच्या जवळ, अंधेरीला, वर्षानुवर्षं राहून लिनोकट करत होते. पण अंधेरीची काकूसुद्धा त्यांचं नाव कधी बोलली नाही. आमच्या घरांत नाव पोचलं ते चित्रकार हुसेन यांचं. जन्म पंढरपूरचा, म्हणून ‘आपला’. पण त्यांचे गाजलेले घोडे कुंचल्याचे, ठशाचे नव्हेत. वारल्यांचा दोन त्रिकोणांचा घोडा ठशाच्या जास्त जवळचा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे तो शहरांत पोचला, आणि मग कितीतरी घरांत माठावर, कुंडीवर, जिन्याच्या भिंतीवर गेरू फासून पांढरे घोडे धावू लागले.

पण आमच्या सबंध पिढीने ज्या ठशाचे घोडे हातात घेतले, ते छापखान्यातले होते. लग्नपत्रिका! गल्लीतल्या ट्रेडल प्रेसमध्ये वडिलांबरोबर गेलं की मालक एक मळकट वही पुढे टाकत. तिच्यात त्यांच्याकडचे सगळे ब्लॉक छापलेले: गणपती दहा प्रकारचे, कलश, सनई-चौघडा, आणि बाशिंग बांधून घोड्यावर बसलेला नवरदेव. जस्ताचा पत्रा ॲसिडने खाऊन केलेला लाइन ब्लॉक, लाकडी ठोकळ्यावर ठोकून छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीला आणलेला. रुपयाएवढ्या जागेत घोडा, लगाम, मुंडावळ्या, सगळं बसवायचं म्हणजे ब्लॉकसाठी चित्र काढणाऱ्याने किती सोडून दिलं असेल! एकच घोडा गावातल्या सगळ्या जातींच्या, सगळ्या ऐपतींच्या लग्नांत गेला. झिजलेल्या ब्लॉकवर घोड्याचा पुढचा पाय अर्धवट उमटे आणि त्याबद्दल कुणी तक्रार केलेली आम्ही ऐकली नाही. तक्रारी सगळ्या नावांच्या क्रमावरून असत. वरच्या गणपतीला लाल शाई, बाकी निळी, आणि कागद बोटांनी चाचपला की मागच्या बाजूला अक्षरांचा उठाव लागे.

आता मुलांच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर लिनोकटसारखा दिसणारा घोडा आहे. दुधी कागद, काळी मान, दोन-तीन पांढऱ्या चिरा, भोवती भरपूर मोकळी जागा. दिसतो छान, सात घोड्यांच्या वास्तुशास्त्रवाल्या चित्रापेक्षा तर शंभरपट बरा. (त्यात घोड्यांनी दाराकडे तोंड करून पळायचं नसतं म्हणे.) सोफ्यावरच्या या घोड्याभोवतीच्या मोकळ्या जागेत बारीक बारीक काळे ओरखडे असतात. खऱ्या लिनोकटमध्ये हे ओरखडे म्हणजे खणून काढलेल्या भागातले चुकून राहिलेले उंचवटे; शाई त्यांनाही लागते. संगणकावर केलेल्या चित्रात मात्र ते मुद्दाम काढलेले असतात, आणि ते मला पटत नाही. चित्र संगणकाचं असेल तर असू द्या, पण न केलेल्या कष्टाचे व्रण त्याला कशाला?

घ्यायचाच असेल तर हाताने कोरलेला घ्या. आपल्याकडच्या कला महाविद्यालयांतून शिकलेली कितीतरी मुलं आजही लिनो आणि लाकूड कोरतात. प्रतीखाली पेन्सिलने आकडा असतो, 3/20 असला तर विसांतली तिसरी. कागद उजेडात तिरका धरा, शाईची कड जाणवते.

आणि एक विनंती. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर ट्रेडल प्रेस बंद पडले, शिसं आणि जस्त किलोच्या भावाने गेलं. तरी कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बंद प्रेसच्या खणात ते घोड्यावरचे नवरदेव अजून पडले असतील. भंगारवाल्याला द्यायच्या आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसा, शाई लावा आणि एक छाप तरी काढून ठेवा.