फील्ड कुणाच्या गावात असतं?

परदेशात 'डेव्हलपमेंट' शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो, 'फील्ड'. वर्षाचा कोर्स. आधी वर्गातले पेपर, मग काही आठवडे एखाद्या संस्थेत काम, आणि त्या कामाचे क्रेडिट. माझ्या वर्गातली नेदरलँड्सची एक मुलगी केनियाला निघाली होती, एक इंग्रज मुलगा राजस्थानला. मला विचारलं, तू कुठं? मी म्हणालो, मी फील्डमधूनच आलोय. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

माझं गाव डोंगरकडा. नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूरच्या पुढं लागतं. तालुका कळमनुरी. सगळा केळीचा पट्टा, पण आमची एक गुंठाही जमीन नाही. माय-बा दुसऱ्याच्या मळ्यात केळी तोडायला जातात. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मभर जात नाही, म्हणून आमच्या घरात कामाचे कपडे वेगळ्या खुंटीला असतात. मी इंग्लंडला पोचलो तो राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची ही योजना आहे, वर्षाला ७५ जागा. कागदपत्रं गोळा करतानाचे हाल सांगायला वेगळा लेख लागेल.

पहिल्याच महिन्यात वाचायच्या यादीत जामखेड आलं. मराठवाड्याला अगदी खेटून असलेल्या या गावाचं काम मला कळलं ते उत्तर इंग्लंडमधल्या लायब्ररीत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत आलं आणि १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या, काही दलित. बाळंतपण, जुलाब, कुपोषण हे सगळं त्या सांभाळायला लागल्या. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. आता परदेशी विद्यापीठांची मुलं तिथं शिकायला जातात आणि याच बायका त्यांना शिकवतात. मला हे फार आवडलं. पाहुणा मदत करायला आला नसून शिकायला आलाय, हे तिथं पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.

मला प्लेसमेंट मिळाली त्याच शहरातल्या एका फूड बँकेत. म्हणजे डोंगरकड्याचा पोरगा इंग्लंडच्या गरिबांचा विकास करणार! मायला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तिकडंबी उपाशी मानसं हायत का रे?"

आहेत. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ती रांगेनं बसायची. तिथं असंच जाऊन धान्य मिळत नाही. डॉक्टर, समाजसेवक किंवा सल्ला केंद्रानं व्हाउचर द्यावं लागतं. त्यावर तीन दिवसांचं अन्न: पास्ता, डबाबंद बीन्स, सूप, चहा, साखर, टिकाऊ दूध. फळही डब्यातलं, कारण ताजं नासतं. केळी नाहीच. समोरच्या सुपरमार्केटात मात्र कोलंबियाच्या केळ्यांचा ढीग.

माझं काम व्हाउचर तपासायचं आणि चहा करून द्यायचा. माझ्या हातचा चहा प्यावा की नाही, हा प्रश्न तिथं कुणाच्याच डोक्यात नव्हता. माझ्या होता, रोज. एकदा बांधकामावर काम करणारा, माझ्या बाच्या वयाचा माणूस आला. व्हाउचर देताना त्यानं मान दुसरीकडं वळवली. ती मान मी ओळखतो. पण आमच्याकडं रेशनच्या रांगेत कुणी अशी मान वळवत नाही. उलट भांडतात. माप कमी का, पावती कुठंय, मागच्या महिन्याचे गहू कुठं गेले. माय तर दुकानदाराला पार उभा-आडवा घेते. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य आमच्या नावावर लिहिलंय. त्या माणसाच्या नावावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याला मिळत होतं ते कुणाच्या तरी चांगुलपणामुळं, आणि चांगुलपणाशी भांडता येत नाही. (वर्गात रेशन व्यवस्थेवर अख्खं लेक्चर झालं होतं. सगळी गळती आणि भ्रष्टाचार. खोटं नव्हतं त्यात काही. पण हे भांडण एकाही स्लाइडवर नव्हतं.)

प्लेसमेंट संपल्यावर एक फॉर्म भरायचा होता. त्यातला एक प्रश्न: ज्या समुदायात काम केलंत, त्याच्या तुलनेत तुमच्याकडं कोणते विशेषाधिकार होते? प्रश्न केनियाला गेलेल्या मुलीसाठी बनवलेला होता हे उघड आहे. तरी मी तो टाळला नाही. दोन पानं लिहिली. पहिलं वाक्य होतं, "माझ्या घरी पिवळं रेशन कार्ड आहे."

मार्गदर्शक बाईंनी त्याखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढलं. मग भेटायला बोलावलं आणि पाऊण तास ऐकून घेतलं. म्हणाल्या, यावरच प्रबंध लिही. मी हो म्हणालो.

त्याच रविवारी मायचा फोन आला. दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेईना. केळीच्या कामानं आणि चिकानं बोटावरच्या रेषाच गेल्यात. तीनदा हात धुऊन लावला, तरी नाही. दुकानदारानं बुधवारी परत बोलावलंय. "जाते की," माय म्हणाली, "माझं हाय ते. सोडते व्हय?"