कोटेशन

खोपोलीजवळच्या साजगावात विजेची महागडी गाडी दारात लागण्याच्या बऱ्याच आधी तिचं कोटेशन घरात राहायला येतं. पहिल्यांदा ते मोबाईलवर येतं. मग मुलगा खोपोलीला जाऊन त्याची प्रिंट काढून आणतो, कारण घरातल्या थोरल्यांना एवढा मोठा आकडा कागदावर, चष्मा लावून बघायचा असतो. त्या दिवसापासून त्याचा मुक्काम बँकेच्या पासबुकात, सातबाऱ्याच्या उताऱ्याला चिकटून. पाहुणे आले की ते बाहेर निघतं, सगळ्यांच्या हातांतून फिरतं, चहाचा एखादा डाग अंगावर घेऊन परत आत जातं. गाडी आली काय किंवा बेत बारगळला काय, लगेच कुणी ते टाकून देत नाही.

दिसायला साधं. एकच पान. वर कंपनीचं चिन्ह, डावीकडे ओळी, उजवीकडे आकडे. एक्स-शोरूम, विमा, आरटीओ, फास्टॅग, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज, दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस. त्याखाली वजाबाकी सुरू होते: कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस, लॉयल्टी, कॉर्पोरेट. तळाशी जाड ठशात ऑन-रोड. आणि त्या जाड आकड्यावर निळ्या पेनाची आडवी रेघ, खाली पेनानंच लिहिलेला थोडा कमी आकडा, त्याभोवती गोल, बाजूला तिरकं लिहिलेलं ‘आजपुरतं’.

या कागदाला दोन आवाज आहेत. छापलेला आवाज कंपनीचा. तो सावकाश बोलतो आणि पनवेलला असो की पुण्याला, जवळपास तेच सांगतो. पेनाचा आवाज शोरूमचा. तो घाईत असतो, कारण त्यातला बराचसा भाग डीलर आपल्या मार्जिनमधून देत असतो आणि महिन्याचं टार्गेट त्याच्या मानगुटीवर असतं. डिसेंबरात हा आवाज जास्तच मऊ होतो. तेव्हा यार्डात उभी असलेली गाडी एक जानेवारीला ‘गेल्या वर्षाची’ होणार असते. साजगावची माणसं हा दुसरा आवाज चटकन ओळखतात. ‘छापील राहू दे दादा, पेनाचं सांग,’ असं घरातले काका सेल्समनला म्हणतात, आणि तोही मान डोलावून कॅल्क्युलेटर पुढे ओढतो.

भाव करणं या गावाला नवं नाही. कार्तिकी एकादशीपासून इथे ताकईच्या विठोबाची यात्रा भरते. सुकी मासळी, घोंगड्या आणि बैल यांच्यासाठी माणसं घाटावरून आणि खाडीकाठावरून येतात. सुक्या बोंबलांमुळे देवालाही बोंबल्या विठोबा म्हणतात. तुकाराम महाराज मिरची विकायला कोकणात उतरले, गिऱ्हाइकालाच माप घे म्हणाले आणि त्यांची उधारी बुडाली, ती वसूल करायला विठोबा धावला, अशी आख्यायिका आहे, आणि ती इथली माणसं आपल्याच मातीतली म्हणून सांगतात. बैलांच्या बाजारात अजूनही जुने व्यापारी हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटं दाबून भाव सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही, पण घेणारा आणि देणारा दोघांनाही नक्की आकडा ठाऊक असतो. कोटेशन त्याच्या उलट वागतं. ते सगळं उघड्यावर मांडतं, तरी घेणाऱ्याला एक गोष्ट कळत नाही: ही सवलत नेमकी कुणाच्या खिशातून आली?

मला या कागदाबद्दल जे सांगायचं आहे ते याच प्रश्नावर येऊन थांबतं.

आधी त्यावरच्या किमतीच्या जन्माबद्दल. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या दोन विजेच्या गाड्या २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत लोकांसमोर आल्या. धाकटीची किंमत १८.९० लाखांपासून, थोरल्या एक्सईव्ही नाइन ई-ची २१.९० लाखांपासून. दोन्ही आकड्यांना ‘सुरुवातीची किंमत’ असं नाव होतं आणि दोन्हींत चार्जर धरलेला नव्हता. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी बुकिंग उघडलं आणि एकाच दिवसात ३० हजारांच्या वर गाड्या नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी ३ जूनला टाटांची विजेवरची हॅरियर आली, तीही २१.४९ लाखांपासून, तीही ‘सुरुवातीला’. या किमतीचा स्वभाव असा की ती जन्मतःच आपण जाणार असल्याचं सांगते, पण कधी जाणार ते सांगत नाही. कधी ती दोन घरांतही राहते. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाखांना आली तेव्हा बॅटरी भाड्यानं होती, किलोमीटरला साडेतीन रुपये. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ते सव्वापाच हजार पडतात. कोटेशन हलकं झालं, पण त्यातला एक भाग दर महिन्याच्या खर्चात जाऊन बसला.

आता कागदावरची ती ओळ, जिच्यावरून बहुतेकांची नजर नुसतीच सरकते. आरटीओ, आणि समोर शून्य. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या रांगेत ते शून्य अंग चोरून उभं असतं. पेनाच्या गोलातली सूट तीस-चाळीस हजारांची किंवा लाखभराची असेल. खरी मोठी सवलत त्या शून्यात आहे. महाराष्ट्रात पेट्रोलच्या गाडीला किमतीप्रमाणे ११, १२ आणि २० लाखांवर १३ टक्के वाहनकर लागतो. विजेच्या गाडीला तो माफ आहे. एक्सईव्ही नाइन ई-चा सर्वांत वरचा प्रकार ३०.५० लाखांना जाहीर झाला होता. त्याच किमतीची पेट्रोलची गाडी घेणारा सुमारे चार लाख रुपये कर भरतो. विजेची घेणारा एक रुपयाही भरत नाही. शिवाय जीएसटी ५ टक्के. तशा मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे आणि त्याआधी उपकरासह त्याहूनही जास्त होता. म्हणजे सवलतीचा सर्वांत मोठा दाता सेल्समन नाही, कंपनीही नाही. तो राज्याचा आणि देशाचा खजिना आहे, आणि त्याचं नाव या कागदावर कुठेच छापलेलं नाही.

मार्च २०२५ मध्ये त्या शून्याच्या जागी आकडा येण्याची वेळ आली होती. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला. साडेतीस लाखांच्या गाडीला तो १ लाख ८३ हजार झाला असता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं सांगितलं. या करातून तिजोरीत फारसं काही येणार नाही आणि विजेच्या वाहनांबाबत राज्याविषयी चुकीचा संदेश जाईल, असं त्यांचं म्हणणं. पुढे मे महिन्यात आलेल्या धोरणानं करमाफी ३१ मार्च २०३० पर्यंत नेली.

मला तो कर मागे घेण्याचा निर्णय पटत नाही, आणि हे मी विजेच्या गाडीचा विरोधक म्हणून म्हणत नाही. खोपोलीच्या रस्त्यावरून सकाळी ट्रकांच्या मागे चालणाऱ्या कुणालाही धूर कमी झालेला हवाच आहे. पण माफी टक्क्यांत असली की गाडी जेवढी महाग तेवढी देणगी मोठी होते. पंधरा लाखांची विजेची गाडी घेणाऱ्या साजगावच्या शिक्षकाला राज्य १ लाख ८० हजार सोडतं. साडेतीस लाखांच्या गाडीला चार लाख. जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आलेल्या ५९.८९ लाखांच्या टेस्लाला पावणेआठ लाखांच्या आसपास. ज्याला गाडी घेताना सर्वांत कमी मदत लागते त्याला सर्वांत जास्त मदत मिळते. सहा टक्के लावले असते तरी अशा गाडीवाल्यानं पेट्रोलवाल्याच्या निम्म्याहून कमीच कर भरला असता. आणि तिजोरीत थोडंच आलं असतं हे खरं धरलं, तरी ते थोडं साजगावसारख्या गावातून शाळेला जाणाऱ्या पोरांच्या एसटीला लागलं असतं.

कागदावर न छापलेला दुसरा दाता आपल्या अंगणातच उभा आहे. द्रुतगती महामार्गावर खालापूरचा टोलनाका. मुंबई ते पुणे कारला ३२० रुपये. नव्या धोरणानं विजेच्या गाडीला इथे, समृद्धीवर आणि अटल सेतूवर टोल माफ केला. अटल सेतूवर ती माफी २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. फास्टॅगमधून पैसे कापले जातच राहिल्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा तो विषय थेट विधानसभेत गेला. सेल्समन ही माफी तोंडी सांगतो आणि वर्षाची बचत गुणून दाखवतो. पण साजगावचा माणूस पनवेलला जातो तो बहुतेक वेळा जुन्या हायवेनं, चौक गावावरून. रोज पुण्याला जाणाऱ्याला ही माफी मोठी, पण गावात दुकान आणि शेती सांभाळणाऱ्याच्या कोटेशनात तिची बेरीज करणं म्हणजे न झालेला खर्च वाचवणं.

तिसरा दाता दूरच्या देशांतल्या कारखान्यांत आहे, आणि त्याच्यामुळे मात्र मला आनंद होतो. बॅटरीच्या एका युनिट क्षमतेला २०१० मध्ये हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. २०२४ मध्ये जगाची सरासरी ११५ डॉलरवर आली, एका वर्षात वीस टक्क्यांनी उतरून. एक्सईव्ही नाइन ई-मधली ७९ युनिटची बॅटरी जुन्या भावानं ७९ हजार डॉलरहून जास्त पडली असती; २०२४ च्या भावानं नऊ हजारांच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्ही १.२ लाखांपर्यंत स्वस्त केली ती सेलचे भाव उतरल्याचं सांगूनच. ही सवलत कुणाच्या मेहेरबानीची नाही आणि कुठल्या तारखेला संपणारी नाही. अशी सवलत मला सर्वांत सच्ची वाटते. तिला पेनाच्या गोलाची गरज पडत नाही.

पण तिच्यामुळेही एकाचं नुकसान होतं, आणि त्याचं दुःख कागदावर येत नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याच गल्लीत जुन्या किमतीनं गाडी घेतलेला शेजारी. नवी गाडी लाखानं उतरली की त्याची वापरलेली गाडी त्याच दिवशी तेवढी उतरते, आणि कर्जाचा हप्ता मात्र जुन्याच किमतीवर चालू राहतो. पाहुण्यांत कोटेशन फिरत असताना तो ते हातात घेऊन बराच वेळ बघतो आणि काही न बोलता पुढे देतो. दर दोन वर्षांनी गाडी बदलायची सवय असलेल्यांनी या घसरणीचा हिशेब आधीच धरावा. आठ-दहा वर्षं एकच गाडी चालवणाऱ्याला तिचं एवढं भय नाही.

कोटेशनसोबत एक चकचकीत पानही येतं. त्यावर रेंज लिहिलेली असते, त्या ७९ युनिटच्या गाडीची ६५६ किलोमीटर. साजगावात त्यावर पहिला प्रश्न एकच येतो: घाट चढायला किती जाते? खोपोलीपासून लोणावळा सुमारे साडेपाचशे मीटर उंच. दोन टनांच्या आसपासची गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या उंचीपायीच तीन युनिट लागतात, रस्त्याचं आणि वाऱ्याचं वेगळं. उतरताना मोटर उलटं काम करते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत भरते. लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून निघालात तर तो भरायला जागाच नसते, म्हणून वर शंभर टक्के चार्ज करू नये, हे इथल्या गाडीवाल्यांनी आता एकमेकांना सांगायला हवं. याच उतारावरून पाणी सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीत वीज काढायला सुरुवात केली. डोंगराच्या अंगावरचे ते नळ आजही दिसतात. उंचीतून वीज निघते हे या भागाला कुणी शिकवायला नको.

कागदाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात एक वाक्य असतं: किंमत डिलिव्हरीच्या दिवशी लागू असेल ती. म्हणजे वरचा प्रत्येक आकडा, छापलेलाही, गाडी हाती येईपर्यंत कच्चा. म्हणून बुकिंगचे पैसे देताना पेनाचा आकडा शिक्का, सही आणि तारखेसह घ्यावा. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारावं. विमा शोरूमचाच घेण्याची सक्ती नसते, तो बाहेर विचारून बघावा. चार्जर धरला आहे की नाही ते त्याच कागदावर लिहून घ्यावं. महिंद्राच्या त्या गाड्यांना ७.२ किलोवॉटचा चार्जर ५० हजारांना आणि ११.२ किलोवॉटचा ७५ हजारांना वेगळा होता. घरात सिंगल फेजचं मीटर असेल तर मोठा चार्जर घेऊन उपयोग नाही. आधी महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज, मग शोरूमला फोन.