काळी नदीतली जुनी मोटर

बेळगावहून कारवारला जायचे तर आमच्या घरची वाट ठरलेली असते. खानापूर, रामनगर, जोयडा, मग अणशीचा घाट आणि खाली कद्रा. घाट उतरला की काळी नदी सोबतीला येते, ती थेट समुद्रापर्यंत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही याच वाटेने सदाशिवगडला गेलो. मुलांना कूर्मगड बेट पाहायचे होते. तिथे नरसिंहाचे देऊळ आहे. पौष पौर्णिमेला जत्रा भरते, लोक होड्यांतून जातात आणि देवाला केळी वाहतात. मुलांनी हे आजीकडून इतकेदा ऐकले होते की बेट त्यांना जवळजवळ पाठ झाले होते.

सदाशिवगडला माझ्या आईचे मामेभाऊ राहतात. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. घरात कोकणी, बाजारात कन्नड, आमच्याशी मराठी. भाषा बदलताना त्यांना श्वासही घ्यावा लागत नाही. त्यांची एक होडी आहे आणि होडीला मागे लावलेली पंचवीस हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक मोटर. ती मामांच्या धाकट्या मुलापेक्षा वयाने मोठी आहे.

आम्ही पोचलो तेव्हा मोटरीचे झाकण काढलेले होते आणि घरात तणाव होता. पावसाळ्यानंतर मोटर नीट चालत नव्हती. सुरू व्हायची, संथ चालायची, पण रेस वाढवली की गुदमरून बंद पडायची. गावातल्या मेकॅनिकने दुरूनच ऐकून निकाल दिला होता, ‘इंजिन होयतु!’ रिंगा गेल्या, मोटर भंगारात द्या. मामेभावालाही ते पटले होते. त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्याने मला बाजूला घेऊन सांगितली. मोटर गेली तर बाबा पाण्यात जायचे थांबतील. सत्तरी उलटली आहे, आता पुरे.

मामांनी हे ऐकले असावे. ते एवढेच म्हणाले, ‘‘स्वल्प तडी. आधी तिला विचारूया तरी, काय होतंय.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडी नदीच्या आतल्या अंगाला, कमरेएवढ्या पाण्यात आणली आणि दोन दोरांनी काठाला बांधली. समोर काळीवरचा पूल दिसत होता. त्याच्या शेजारचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे कोसळला. तेव्हा त्यावरून चाललेला ट्रक नदीत पडला, चालक मात्र वाचला. मामा म्हणाले, ‘‘काल चाललं म्हणून आज चालेल, असं पाण्यात धरायचं नाही.’’

मग तपासणी सुरू झाली. मामांचा नियम साधा होता : सोप्याकडून अवघडाकडे जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिल्यांदा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहिला. तो बंद असला तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येत नाही. तो उघडा होता. मग पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवले. थोड्या वेळाने तळाशी पाण्याचा थर दिसला. मुलांना गंमत वाटली, मामेभावाचा चेहरा मात्र खुलला, सापडले! मामांनी जुने पेट्रोल टाकून ताजे भरले, लिटरला वीस मिली टू-स्ट्रोक ऑईल मोजून घातले आणि दोरी ओढली. मोटर सुरू झाली, रेस वाढवली, पुन्हा गुदमरली. पाणी हा दोष होता, पण तो दोष नव्हता.

नंतर मामांनी मला टाकी आणि मोटर यांच्यामधल्या नळीतला रबरी फुगा हातात दिला. ‘‘ती दमायला लागली की दाब.’’ मोटर दमली, मी फुगा दाबला आणि ती एकदम उचलली! सोडला की पुन्हा दमली. मामा हसले. रिंगा गेल्या असत्या तर फुगा दाबून काही फरक पडला नसता. म्हणजे तिला पेट्रोल पुरत नव्हते. फुगा चोखून चपटा झाला असता तर टाकीकडची वाट तुंबलेली असती. तसेही होत नव्हते. मग संशय पेट्रोलच्या पंपावर आला.

तरी मामांनी मधली पायरी सोडली नाही. मोटर बंद करून टाकी लांब ठेवली आणि दोन्ही प्लग काढले. वरचा कोरडा, तांबूस. खालचा काळा आणि ओला. प्लगच्या तारा इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवल्या, भोकावर अंगठा धरून दोरी ओढली. दोन्ही भोकांनी अंगठा सारख्याच जोराने उडवला. रिंगा ठीक होत्या. मग पुसून प्लगांची अदलाबदल केली. पुन्हा थोडे चालवून पाहिले तर खालच्या जागेवरचाच प्लग ओला. म्हणजे दोष प्लगचा नव्हता, जागेचा होता.

‘‘एकीकडे पेट्रोल कमी पडतंय आणि एकीकडे जास्त होतंय. दोन आजार?’’ मी विचारले.

मामांनी उत्तर न देता पंपाचे स्क्रू काढले. आत एक पातळ पडदा असतो. खालच्या सिलिंडरच्या पोटातल्या दाबाच्या चढउतारावर तो हलतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. मामांनी तो उन्हाकडे धरला. सुईच्या टोकाएवढे छिद्र! पडदा फाटल्यामुळे पंपाचा जोर गेला होता आणि त्याच छिद्रातून पेट्रोल थेट खालच्या सिलिंडरमध्ये शिरत होते. आजार एकच होता, लक्षणे दोन. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला सोसत नाही. त्यात पावसाळाभर पेट्रोल नळीत तसेच राहिले होते. नवा पडदा आणि नवी नळी कारवारच्या दुकानात हजार रुपयांच्या आत मिळाली.

दुपारी मोटर सुरू झाली तेव्हा आवाजातला फरक मलाही कळला. शेजारून थंड पाण्याची धार एकसारखी पडत होती. मुले ओरडली, ‘‘चला कूर्मगड!’’

मामा म्हणाले, ‘‘आज नाही.’’

मुलांची तोंडे उतरली. मामेभाऊसुद्धा म्हणाला, आता तर नीट चालतेय. मामांनी मुखाकडे बोट दाखवले. ओहोटी लागली होती, पाणी वेगाने बाहेर चालले होते. २१ जानेवारी २०१९ ला कूर्मगडाच्या जत्रेहून परतणारी होडी उलटून १६ जण गेले. तो दिवस या काठावर कोणी विसरलेले नाही. ‘‘नुकती दुरुस्त केलेली मोटर नदीत तासभर चालवायची. समुद्रात नंतर,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तीही वल्ही, नांगर आणि जॅकेटं असतील तरच.’’

मग आम्ही उलट, नदीने वर गेलो. १८८० च्या दशकात तरुण रवींद्रनाथ टागोर कारवारला न्यायाधीश असलेल्या भावाकडे राहिले होते. एका चांदण्या रात्री ते याच नदीतून होडीने वर गेले होते. त्या होडीला शीड होते, आमच्या होडीला एक म्हातारी मोटर. तासभर ती एकदाही अडखळली नाही.

परतताना मामांनी मुलाला मागे बसवले आणि मोटरीची मूठ त्याच्या हातात दिली. काठ जवळ आल्यावर नळी टाकीपासून काढली आणि मोटर आपोआप थांबेपर्यंत चालू दिली, म्हणजे आत पेट्रोल राहायला नको. घरी आणून गोड्या पाण्याने धुतली. प्रत्येक गोष्ट ते त्याला नाव घेऊन दाखवत होते, कधी कोकणीत, कधी कन्नडमध्ये.

रात्री जेवताना मामेभावाने भंगाराचा विषय काढला नाही. मामाच म्हणाले, ‘‘पौषात ये रे मुलांना घेऊन. तेव्हा होडी हा चालवेल. मी पुढे केळ्यांचा घड धरून बसेन.’’