वह्यांचे तास

गणपतीच्या सुटीआधीच्या आठवड्यात आमच्या विभागातून दरवर्षी एक सूचना निघते. ती तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकांसाठी असते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अमुक तारखेपर्यंत द्यावेत, हजेरीपत्रक पूर्ण करावे, तासिकांची नोंदवही विभागप्रमुखांकडून तपासून घ्यावी, मानधनाचे देयक कार्यालयात जमा करावे. गेली चार वर्षे त्या सूचनेखाली माझी सही असते. यंदाही मी ती केली, आणि अर्ध्या तासाने आमचे एक तरुण सहकारी तो कागद घेऊन विभागात आले. सेट उत्तीर्ण, सकाळी आमच्याकडे आणि दुपारी एसटीने तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात शिकवणारे. प्रथम वर्षाचा लेखनकौशल्याचा २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम त्यांच्याकडे आहे. म्हणाले, "सर, एक विचारू का? गुण द्यायचेत, की वह्या वाचायच्यात?"

प्रश्नात उपरोध नव्हता, म्हणूनच तो मला लागला.

वर्गात ७० विद्यार्थी आहेत. एक निबंध लक्षपूर्वक वाचून त्यावर दोन ओळी लिहायला ८ मिनिटे धरली, तरी ५६० मिनिटे होतात, म्हणजे नऊ तासांहून अधिक. त्यांना आमच्याकडे आठवड्याला मिळणाऱ्या तासिकाही नऊच. थोडक्यात, एका निबंधाच्या एका फेरीसाठी त्यांनी आठवडाभराचे काम विनामोबदला करावे, अशी आमची अपेक्षा असते. फक्त ती कोणी कधी उच्चारत नाही. या पद्धतीचे पूर्ण नावच 'घड्याळी तासिका' असे आहे आणि घड्याळ वर्गाच्या दाराशी थांबते. सुटीतही ते थांबते. ज्या गणपतीची आम्ही कायम अध्यापक वाट पाहतो, तो त्यांच्या देयकातून वजा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपयांपर्यंत मानधन सुचवले होते. आमच्या राज्यातला दर त्या वर्षी त्याच्या जवळपासही नव्हता. असो. दराची चर्चा पुष्कळ होते. वह्यांची मात्र होत नाही.

मी स्वतः सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत. तिसऱ्या वर्षीची गोष्ट. दोन ठिकाणचे मिळून दीडशे निबंध होते आणि गुण दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. रात्री बारानंतर मी वाचणे सोडले. अक्षर, पानांची संख्या आणि पहिली ओळ पाहून गुण देत गेलो. आठवड्याने एक विद्यार्थिनी आली. तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून एकच निबंध लिहिला होता, शब्दशः एकच. मैत्रिणीला ७ गुण होते, हिला ५. नक्कल केल्याची कबुली देऊन ती म्हणाली, "सर, गुण वाढवू नका. फक्त माझं काय चुकलं ते सांगा." मला काहीच सांगता आले नाही. मी तिच्या वहीत 'आणी' शोधला, तिथे 'णि' ऱ्हस्व हवा असे सांगितले आणि तिला वाटेला लावले. तोच 'आणी' मैत्रिणीच्या वहीतही असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

लेखन शिकवणारा थकला की शुद्धलेखनाच्या आश्रयाला जातो, हे मी तेव्हापासून स्वतःत आणि इतरांतही पाहत आलो आहे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ची चार नियमांची भर डोळ्यांना इतकी सवयीची असते, की 'परंतू'भोवती लाल गोल करायला मजकूर वाचावा लागत नाही. वही लाल दिसते, तपासल्यासारखी दिसते. मुलगा गोल मोजतो आणि वही मिटतो. आपण तिसऱ्या परिच्छेदात जे म्हटले ते पहिल्या परिच्छेदाशी जुळत नाही, हे त्याला पदवी मिळेपर्यंत कोणी सांगत नाही.

तेव्हा सहकाऱ्यांना मी काय सांगायचे? "वाचा" म्हणणे अन्यायाचे होते आणि "वाचू नका" म्हणणे त्याहून वाईट. चहा मागवला आणि आम्ही तासाभरात दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, वह्या घरी न्यायच्या नाहीत. वाचन वर्गातच करायचे. मुले आपलाच पहिला परिच्छेद पुन्हा लिहीत असताना त्यांनी एका तासिकेला दहा जणांना जवळ बोलवायचे, निबंध त्यांच्याच तोंडून वाचून घ्यायचा आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची. मोठ्याने वाचताना आपले वाक्य कुठे अडखळते, ते मुलाला आपल्याआधी ऐकू येते, हा माझा अनुभव आहे. ३० तासांच्या अभ्यासक्रमातले सात तास त्यात जातील. नोंदवहीत 'लेखनसराव व प्रत्यक्ष मार्गदर्शन' असे लिहायचे. सही मी करीन. प्राचार्यांनी अभ्यासक्रम अपुरा राहिल्याचे विचारले, तर उत्तर मी द्यायचे. (पत्रलेखनाचे नमुने फळ्यावर उतरवून देण्यात जाणारे तास यात वाचले, तर कोणाचेही फारसे बिघडणार नाही, असे मला वाटते.)

दुसरी गोष्ट माझ्यासाठी अवघड होती. या सत्राचे निबंध आधीच लिहून झाले होते. त्यातल्या ३५ वह्या मी घेतल्या. "सर, तुम्ही कशाला," असे ते संकोचाने दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. माझा पगार सुटीतही चालू असतो, एवढेच मी म्हटले. ही व्यवस्था टिकणारी नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. पुढच्या जूनमध्ये त्यांना पुन्हा मुलाखत द्यावी लागेल आणि समितीत मी एकटा नसेन. दुसऱ्या महाविद्यालयातल्या वह्यांचे काय, हेही मी विचारले नाही.

सूचना मात्र परत मागवली. शेवटी एक ओळ घातली: निबंधांच्या वाचनासाठी वर्गातील तासिका वापरता येतील, तशी नोंद करावी. कार्यालयातल्या लिपिकांनी ती टंकताना विचारले, "सर, ही ओळ दरवर्षीच्या नमुन्यात ठेवायची, की यंदापुरती?" ठेवा, म्हटले.

गौरी जेवल्या त्या दुपारी मी पहिली वही उघडली. दुसऱ्याच ओळीत 'आणी' होता. पेन खाली ठेवून पुढे वाचत गेलो.