परतवाड्याची जीप, अकोल्याची प्लेट

परतवाडा मागे पडून चिखलदऱ्याचा घाट लागला की गाडीचा स्वभाव कळतो. वरचं गाव साधारण ११०० मीटर उंचीवर. वळणं आवळती, पावसाळ्यात धुकं असं की म्हैस अगदी समोर आल्यावरच दिसते. आमच्या मामूंचं छोटं किराणा दुकान वर चिखलदऱ्यात आहे आणि त्याचा माल आठवड्यातून दोनदा खालून वर नेणारी गाडी म्हणजे नानांच्या वेळची महिंद्रा जीप, उंच बोनेटची, सीजे-३बी.

या जीपचा इतिहास मी वर्गात मुलांना आवर्जून सांगतो. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या या कंपनीचं पहिलं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे त्यातले भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. बोनेटखालचं नातं मात्र याहून गुंतागुंतीचं निघालं.

गेल्या हिवाळ्यात जीपचा क्लच घसरू लागला. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी तिथेच, वर जळका वास. मामूंच्या मुलांचं म्हणणं, आता विकून टाकू. भंगारवाला भाव सांगून गेला होता आणि जुम्म्याला येणार होता. मामू म्हणाले, "जुम्म्यापर्यंत चालू झाली तर ठेवतो, नाही तर नेऊ दे." जीप कशीबशी अमरावतीला आमच्याकडे आली, आणि इथल्या उस्तादांनी मंगळवारी गिअरबॉक्स उतरवला.

उस्तादांची पद्धत बघण्यासारखी आहे. आतली धूळ त्यांनी फुंकू दिली नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो, तो छातीत जातो, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेतली. मग इंजिनच्या मागचं ऑइल सील तपासलं. सील गळत असेल तर नवी प्लेटही तेलात भिजून महिन्याभरात घसरणार. सील कोरडं होतं. प्लेटची लायनिंग मात्र रिव्हेटपर्यंत झिजली होती आणि रिव्हेटने फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते. फ्लायव्हील त्यांनी लगेच खरादीवर पाठवलं.

अडचण प्लेटची होती. नानांनी कधी काळी पेट्रोल इंजिन काढून प्यूजोचं डिझेल इंजिन, २११२ सीसीचं एक्सडीपी, बसवलं होतं. गिअरबॉक्स मात्र जुनाच, तीन गिअरचा. अशा गाडीत क्लचला दोन घरं सांभाळावी लागतात. प्रेशर प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलवर बोल्टने बसते, म्हणून तिची भोकं आणि प्लेटचा व्यास इंजिनला जुळायला हवा. प्लेटच्या मधल्या हबचे दाते मात्र गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतात, ते शाफ्टप्रमाणेच हवेत. दात्यांची संख्या जुळली तरी काम होत नाही, शाफ्टची जाडीही जुळली पाहिजे. नुसतं "जीपची प्लेट द्या" म्हटलं तर दुकानदार जी देईल ती यातल्या एकाच घरची असणार. अमरावतीच्या एका दुकानातून तशीच आली आणि अर्ध्यावर अडकली. दुकानातला पोरगा म्हणाला, कानस मारा, चालून जाईल. उस्ताद म्हणाले, "मास्टरसाब, कानस मारलेली प्लेट घाटात जान घेते."

त्यांनी गाठोडं बांधून दिलं: जुनी प्लेट आणि भंगारातल्या गिअरबॉक्सचा एक शाफ्ट, मामूंच्या जीपमधल्यासारखाच. प्लेट मध्यावर बसवायला गॅरेजात तोच वापरतात. "मोजू नका, घालून बघा," एवढीच सूचना.

बुधवारी सुट्टी टाकून एसटीने अकोल्याला निघालो. बडनेऱ्यानंतर रस्ता सुरेख आहे. याच मार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटर डांबराचा थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला होता. शेजारचे कास्तकार गाठोड्याकडे बघून म्हणाले, "काय नेऊन रायले मास्तर, तवा हाय का?" मूर्तिजापूर येईपर्यंत अर्धी बस क्लचवर बोलत होती. तिथून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतलेच्या आठवणीही निघाल्या. वऱ्हाडात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की तिचं नाव येतंच.

अकोल्यात तीन दुकानं फिरलो. दोघांनी प्लेट शाफ्टवर घालून पाहिली आणि माल परत फळीवर ठेवला. गिऱ्हाईक हातचं जात असताना नाही म्हणणं सोपं नसतं, त्यांनी ते म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी, ताजनापेठेच्या बाजूला, लायनिंग मारणारे एक वयस्कर चाचा बसले होते. त्यांनी जुनी प्लेट उजेडाकडे धरली, मधल्या हबच्या रिव्हेटवर नख फिरवलं आणि हसले.

"ये कंपनी की नहीं है. किसी ने जोडी है."

नानांच्या काळात कोणा कारागिराने पेट्रोल जीपच्या प्लेटचा हब काढून डिझेलच्या प्लेटवर रिव्हेट केला होता. आम्ही जी वस्तू शोधत होतो ती कधी कारखान्यात बनलीच नव्हती. जुना हब शाबूत होता. चाचांनी तो सोडवला, शाफ्टवर सरकवून खेळ नाही ना ते पाहिलं आणि डिझेलच्या नव्या प्लेटवर बसवायला घेतला. असरची नमाज पढून मी परत आलो तोवर ते प्लेट फिरवून बघत होते, कुठे हेलकावे तर खात नाही ना. हबचा उंच भाग कोणत्या बाजूला राहील, ते त्यांनी खडूने लिहून दिलं, कारण उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. मजुरी मी मनात धरली होती त्याच्या निम्मीही नव्हती.

गुरुवारी उस्तादांनी सगळं जोडलं. रिलीज बेअरिंग नवं घातलं, प्रेशर प्लेटच्या तिन्ही बोटांची उंची सारखी केली, पेडलला इंचभर मोकळी चाल ठेवली. मग हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन धाडकन बंद पडलं. प्लेटने पकड घेतली होती.

जुम्म्याला भंगारवाला परतवाड्याच्या घरी आला तेव्हा मामू वर चिखलदऱ्यात साखरेची पोती उतरवत होते. रिव्हर्स गिअर अजून कधी कधी निसटतो. उस्ताद म्हणाले, ईद झाली की घेऊन या.