बोटीमागचे दोन पत्रे

स्पीडबोटीत बसणाऱ्याला तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दिसते, इंजिनाचा आवाज ऐकू येतो, चाक धरलेला माणूस दिसतो. मागच्या फळीच्या तळाशी, पाण्याखाली, बिजागरीवर बसवलेले स्टीलचे दोन चपटे पत्रे मात्र कुणाच्या नजरेस पडत नाहीत. त्यांना ट्रिम टॅब म्हणतात. मांडवा ते गेटवे या पाण्यावर माझं घर चालतं. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची आठवण काढायला बसलो, की आईवडिलांच्या पाठोपाठ मला हे पत्रे हातात धरून समजावणारे चाचा आठवतात.

चाचा मूळचे जयगड खाडीकाठचे. तरुणपण बहरीनला गेलं, समुद्रातल्या कामांवर माणसं ने-आण करणाऱ्या क्रू बोटींवर. परत आल्यावर माझगावात इंजिनदुरुस्ती करायचे आणि बोलावलं की मांडव्याला यायचे. मी शेतकऱ्याचा मुलगा. घरी भात, भातानंतर वाल आणि कांदा. बोटीवर लागलो तो दोर फेकायला आणि पाहुण्यांच्या बॅगा उचलायला. चाचांनी मला कशासाठी निवडलं ते मी कधी विचारलं नाही. इंजिनाचं झाकण उघडलं की ते हाक मारत, “ए पोरा, इकडे ये, नुसता उभा राहू नको.”

इंजिनाच्या आधी त्यांनी शिकवलं ते माणसं बसवायला. बोटीचा पुढचा-मागचा आणि डावा-उजवा तोल म्हणजे ट्रिम, आणि ट्रिमचं पहिलं साधन माणूसच. शनिवारी मुंबईहून येणाऱ्या मंडळींना पुढे बसायची हौस असते, किंवा सगळ्यांना ज्या बाजूला सावली त्याच बाजूला बसायचं असतं. चाचा हसतमुखाने प्रत्येकाला जागा दाखवत आणि बोट सुटायच्या आधीच निम्मं काम उरकून घेत. मी घरी हे वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. बैलगाडीत भारे मागे जास्त पडले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त पडले तर धुरजड होते, बैलांच्या मानेवर ओझं येतं. “बोटीलाही तेच की,” म्हणाले. ट्रिमवरची पुस्तकं मी नंतर चाळली, पण याहून सोपं कुणी सांगितलेलं मला आढळलं नाही.

फरक एवढाच, की गाडीचा तोल सुटताना जसा असतो तसाच वाटेत राहतो. बोटीचा वेगाबरोबर बदलतो. हळू चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते. पिछाडी खचते, नाळ आभाळाकडे जाते आणि चालवणाऱ्याला समोरचं काही दिसेनासं होतं. हा चढ ओलांडला की बोट पाण्यावर तरंगत पळू लागते. आम्ही म्हणतो, बोट प्लेनवर आली. सगळा कस या मधल्या चढात लागतो. इंजिन जोर लावून ओरडतं, पेट्रोल जळतं आणि बोट पुढे सरकत नाही. भरलेली बोट तर त्या चढावर नाक वर करून अडकूनच बसते.

यावर पहिला उपाय इंजिनाच्याच अंगात आहे. लहान आउटबोर्ड इंजिन ज्या कंसाला अडकवलेलं असतं त्यात ओळीने भोकं असतात आणि त्यातल्या एका भोकातून स्टीलची आडवी पिन जाते. पिन आतल्या भोकात घातली तर इंजिनाचा पाय बोटीच्या जवळ येतो आणि पंख्याचा रेटा नाळ खाली दाबतो. बाहेरच्या भोकात घातली तर पाय लांब जातो आणि नाळ उचलली जाते. इंजिन बंद करून, पाय हाताने उचलून पिन बदलायची. चाचांनी मला आधी त्या पिनेवर शिकवलं. प्रत्येक भोकात पिन घालून एकाच वाटेने फेरी मारायला लावली. मोठ्या इंजिनांना हेच काम हायड्रॉलिक दट्ट्या करतो आणि त्याचं बटण थ्रॉटलच्या मुठीवर अंगठ्याखाली असतं. बटण दाबणं सोपं आहे. ते कधी सोडायचं हे चाचा कानाने सांगत. सुटताना पाय पूर्ण आत, बोट प्लेनवर आली की थोडा थोडा बाहेर. चाक हलकं होतं, थ्रॉटल तोच असून वेग वाढतो. हाव करून आणखी बाहेर काढला तर नाळ वरखाली आपटायला लागते आणि पंखा पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो. तेव्हा इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि रेटा नाहीसा होतो. चाचा बोटीकडे पाठ करून जेट्टीवर बसलेले असले तरी तो आवाज ओळखत आणि हात खाली करून खूण करत: आत घे.

पण इंजिनाचा पाय फक्त नाळ वरखाली करू शकतो. एका इंजिनाची बोट डावी-उजवीकडे कलली तर त्याचा काही उपयोग नाही. तिथे पत्रे लागतात. पत्रा खाली झुकला की त्याच्यावर आपटणारं पाणी पिछाडीला वर ढकलतं आणि आपोआप नाळ खाली येते. दोन्ही पत्रे सारखे खाली केले तर बोट सरळ बसते; एकच केला तर त्या बाजूची पिछाडी उचलली जाते आणि समोरच्या कोपऱ्यातली, म्हणजे विरुद्ध बाजूची, नाळ दबते. म्हणून बटणांच्या तारा मुद्दाम उलट जोडलेल्या असतात. उजवं बटण पुढे दाबलं की डावा पत्रा खाली जातो. चालवणाऱ्याने पत्र्यांचा विचारच करायचा नाही, नाळेची कोणती बाजू खाली हवी एवढंच बघायचं. ही युक्ती ज्याने पहिल्यांदा केली त्याला चाक धरणाऱ्या माणसाची खरी कदर असणार. मला ती चाचांनी बोट वर काढलेली असताना दाखवली. स्वतः बटण दाबत राहिले आणि मला पत्र्याखाली तळवा धरून उभं केलं. दट्ट्या सावकाश बाहेर आला, थंड पत्रा हाताला लागला, आणि वरून विचारणा झाली, “कुठलं बटण दाबलं मी? सांग!”

मांडव्याहून गेटवे साधारण उत्तरेला, जरा पश्चिमेकडे झुकून. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत सकाळी मतलईवर, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर, पाणी शांत असतं आणि दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. म्हणजे मुंबईला जाताना तो डाव्या गालावर येतो. वाऱ्याला तोंड देत चाक धरून ठेवावं लागतं, त्यामुळे खोल तळाची बोट वाऱ्याकडेच कलते. डावीकडे कलली की तळाचा सपाट भाग लाटेवर आपटतो आणि आत बसलेल्यांच्या पाठीचे मणके मोजले जातात. डावा पत्रा थोडा खाली केला की बोट सरळ होते.

आमच्या बोटींचा हा खोल, व्ही आकाराचा तळ अमेरिकेतल्या रे हंट या रचनाकाराचा. १९६० साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत रिचर्ड बर्ट्रमने हंटने आखलेली ‘मॉपी’ नावाची बोट खवळलेल्या समुद्रातून पळवून जिंकून दाखवली आणि तेव्हापासून जगभर हा तळ पसरला. मागच्या टोकापर्यंत २४ अंशांचा उतार असल्यामुळे ती लाट कापते, पण चपट्या तळाच्या बोटीपेक्षा लवकर कलते आणि प्लेनवर यायला जास्त जोर मागते. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, जिम विन या अभियंत्याच्या कल्पनेवर बेतलेला व्होल्वो पेंटाचा ॲक्वामॅटिक बाजारात आला. इंजिन बोटीच्या पोटात आणि वळणारा पाय बाहेर. फ्लोरिडातली बेनेट ही कंपनीही त्याच वर्षापासूनची. तिच्या हायड्रॉलिक पत्र्यांवर मी पहिल्यांदा हात ठेवला. या माणसांनी मांडव्याचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. तरी माझं त्यांच्याशी देणं आहे असं मी मानतो, आणि ते किती मोठं आहे हे वडिलांच्या दुखण्यात मला कळलं.

वडील खळ्यात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. पेणवरून रस्त्याने नेलं तर शंभरेक किलोमीटर, आणि त्या काळचा तो रस्ता मोडलेल्या हाडाने कसा सोसायचा? लाँचवर स्ट्रेचर चढवायला आणि गर्दीत ठेवायला जागा मिळेना. चाचा त्या दिवशी एका इंजिनाच्या कामाला मांडव्याला आलेले होते. त्यांनी हातातले पाने खाली ठेवले, बोटमालकाशी बोलले आणि स्वतः चाकावर आले. भाडं मालकाचं होतं, ते मी पूर्ण दिलं. त्याबद्दल कुणाच्या मनात काही नव्हतं.

दुपार टळून गेली होती, वारा भरात होता. स्ट्रेचर पुढे मोकळ्या जागेत ठेवावं असं आम्हाला वाटत होतं. चाचांनी ते अगदी मागे, इंजिनाजवळ आडवं ठेवायला लावलं. बोट नाळेशी सर्वांत जास्त उसळते आणि पिछाडीशी सर्वांत कमी. पण स्ट्रेचर, त्याच्या दोन बाजूंना धरून बसलेले आम्ही भाऊ आणि इंजिन असं सगळं वजन मागे गेल्यावर नाळ हवेत जाणार हे दिसतच होतं. चाचांनी इंजिनाचा पाय पूर्ण आत घेतला, दोन्ही पत्रे खाली सोडले आणि थ्रॉटल इतक्या सावकाश पुढे नेला की बोट कधी चढली ते समजलं नाही. मला वाटलं होतं ते लवकर पोचवायची घाई करतील. त्यांनी नेहमीच्या निम्म्याहून थोडा जास्त वेग ठेवला. एरवी त्या वेगाला भरलेली बोट पुन्हा पाण्यात बसली असती. पत्र्यांनी पिछाडी उचलून धरली होती म्हणून ती तरंगत राहिली. नाळ खाली असल्यामुळे येणारी लाट पुढच्या धारदार भागावर फाटत होती आणि तळाचा रुंद भाग आपटतच नव्हता. डावीकडचा वारा वाढला की चाचांचं बोट बटणावर जरा दाबायचं आणि स्ट्रेचर पुन्हा सपाट. वडिलांचा हात माझ्या हातात होता. एखादी मोठी लाट आली की मी तो आवळायचो, ते नाही. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, “उलाळ नाही, धुरजड नाही. कोण हाकतंय रे?”

गेटवेला उतरवून, रुग्णवाहिकेत बसवून भाऊ त्यांच्याबरोबर गेला. बोट परत न्यायची होती. चाचांनी चाक माझ्या हातात दिलं आणि ते बाजूला बसले. वारा आता मागून, उजव्या खांद्यावरून होता. मी बोट सोडली तसे ते म्हणाले, “आता पत्रे वर घे. पूर्ण वर. खाली राहिले तर नाळ पुढच्या लाटेत घुसेल आणि मागची लाट आपल्याला आडवं करील.” मी पत्रे वर घेतले, इंजिनाचा पाय थोडा बाहेर काढला, नाळ उचलली गेली आणि बोट लाटांच्या पाठीवरून उतरत निघाली. इतका वेळ जे आवरून धरलं होतं ते माझ्या डोळ्यांतून वाहत होतं. चाचा माझ्याकडे बघत नव्हते, ते मागच्या लाटा बघत होते आणि प्रत्येक मोठ्या लाटेआधी मला सांगत होते, “आली. थ्रॉटल सोडू नको.”

वडील पुढे काठी घेऊन चालू लागले, शेताच्या बांधावरही जाऊ लागले. चाचा आता जयगडला असतात, डोळे अधू झाले आहेत. त्यांनी दिलेली विद्या मी माझ्याकडच्या मुलांना देतो, आणि तिचा निम्मा भाग साफसफाईचा आहे. टॅबच्या टाकीतलं लाल तेल दर महिन्याला बघायचं. गुलाबी, दुधाळ दिसलं तर कुठून तरी पाणी शिरलंय. पत्र्यावर बोल्टने बसवलेला जस्ताचा तुकडा स्वतः झिजून स्टील वाचवतो; तो निम्मा झाला की बदलायचा, आणि त्यावर रंग कधीच लावायचा नाही, रंग लावलेलं जस्त काही कामाचं नाही. बोट धक्क्याला लागली की पत्रे वर घेऊन ठेवायचे. दट्ट्याचा दांडा बाहेर राहिला तर त्यावर शिंपले चढतात, आणि पुढच्या वेळी तो आत जाताना तेच सील फाडतात. मे महिन्याच्या शेवटी वाहतूक बंद झाली की आम्ही बोटी वर काढतो आणि हे सगळं हाताने तपासतो.

गेल्या हंगामात आमच्याकडे नवी बोट आली. तिला पत्रे नाहीत, इंटरसेप्टर आहेत. मागच्या फळीला चिकटून उभी बसवलेली पट्टी पाण्यात जेमतेम काही सेंटिमीटर उतरते आणि तेवढ्यानेच पाण्याचा दाब वाढून पिछाडी उचलली जाते. कोण कुठे बसलंय, वारा कुठून आहे याचा विचार करायला नको; कल मोजणारं यंत्र मोटरला सांगतं आणि पट्टी आपली आपण हलते. समोरच्या लाटेत ते माझ्या बोटांपेक्षा चपळ आहे, हे मला मान्य आहे. मुलांना मी आधी पत्र्यांच्या जुन्या बोटीवर बसवतो, मग इकडे.

चाचांना मी फोनवर त्या पट्टीचं वर्णन करून सांगितलं. त्यांनी वेग विचारला नाही, किंमत विचारली नाही. “पट्टी ज्या फटीतून खालीवर होते, ती फट किती रुंद?” मी सांगितलं. “मग शिंपल्याचं पिल्लू त्यात बसणार. बोट दोन दिवस उभी राहिली तरी पट्टी रोज एकदा पूर्ण खालीवर करायची. आणि वर काढाल तेव्हा फट लाकडाच्या चिपेने साफ करा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका, ओरखडा पडेल.” यंदा बोट वर काढली तेव्हा फटीच्या दोन्ही टोकांना बारीक शिंपले बसलेले होते. आम्ही सागाची चीप तासून ते काढले.