चाकांवरून बर्फावर

श्रीपूरला बर्फ म्हणजे रसवंतीतला. मी स्केटिंग शिकले सिमेंटवर. आधी चार चाकांचे क्वाड, मग इनलाइन, मग जिल्हा, मग राज्य. पुढची पायरी बर्फाची, आणि ती थेट देहरादूनला. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथं रिंक झाली.

पहिल्या दिवशी वाटलं, राज्यापर्यंत खेळलेली पोरगी मी, मला काय अवघड? पण बर्फावर थांबायचं म्हणजे पातं आडवं फिरवून बर्फ तासायचा. इनलाइनवर असं केलं की माणूस तोंडावर! त्यामुळे पाय ऐकेचनात. आठवडाभर नुसतं थांबायलाच शिकले. सवय एकच कामी आली, डावीकडे झुकायची. शर्यत इथंही घड्याळाच्या उलटच पळते.

शॉर्ट ट्रॅकची एक फेरी १११.१२ मीटरची. ५०० मीटरला साडेचार फेऱ्या, आणि वळणावर डावा हात बर्फाला टेकलेला. बूटही मापाचे हवेत, भाड्याच्या बुटांत घोटा हलतो.

पप्पांना किंमत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते.

"उसाचा दुसरा हप्ता आला की बघू."

आई म्हणाली, "आणि ट्रॅक्टरचं?"

हप्ता दिवाळीच्या आसपास येतो. निवड चाचणी त्याआधी आहे. सरांना विचारलंय, भाड्याच्या बुटांवर उतरू का. घोट्याला पट्टी बांधून.